मामांनी मुदत ठेव मोडली आणि आम्हा कोणालाही कळले नाही : वडीलधाऱ्यांना कसे सांभाळावे?

कृष्णाकाठची

नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या घरावर जे ओढवले, ते मामांच्या परवानगीने येथे लिहीत आहे. मामांचे वय ७६. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून मामींसह कराडला राहतात. मुलगा सुहास पुण्याला असतो, मुलगी बंगळूरला. मोजमाप पुस्तिकेतील प्रत्येक आकडा स्वतः पडताळल्याशिवाय ज्यांनी नोकरीत कधी सही केली नाही, अशा माणसाची ही हकिकत आहे, हे आधी सांगते.

मंगळवारी सकाळी त्यांना फोन आला की त्यांच्या आधार क्रमांकावर मुंबईत कोणी सिमकार्ड घेतले आहे, त्यावरून गैरप्रकार झाले आहेत आणि दोन तासांत त्यांचे सर्व क्रमांक बंद होतील. तक्रार नोंदवायची असेल तर पोलिसांना जोडून देतो, असे म्हणून फोन दुसऱ्याकडे गेला आणि पुढचे बोलणे व्हिडिओ कॉलवर सुरू झाले. समोर गणवेशातील माणूस होता, मागे भिंतीवर बोधचिन्ह होते. त्याने मामांचा आधार क्रमांक, घरचा पत्ता आणि मुलाचे नाव स्वतःहून वाचून दाखवले. मनी लाँडरिंगच्या प्रकरणात तुमचे खाते सापडले आहे, चौकशी गोपनीय आहे, पत्नीलाही सांगितल्यास तिलाही आरोपी करावे लागेल, असे त्यांना बजावण्यात आले. मंगळवारची रात्र मामांनी फोन समोर ठेवून, दिवा न विझवता, खुर्चीत काढली. मामींना त्यांनी दातदुखीचे कारण सांगितले.

बुधवारी ते बँकेत गेले, मुदत ठेव मोडली आणि 'पडताळणीसाठी' १८ लाख ४० हजार रुपये आरटीजीएसने, म्हणजे मोठी रक्कम तात्काळ दुसऱ्या खात्यात पाठवण्याच्या बँकेच्या सोयीने, पाठवले. काउंटरवरील मुलीने कारण विचारले, तेव्हा त्यांनी शिकवून ठेवल्याप्रमाणे नातवासाठी सदनिका घेत असल्याचे उत्तर दिले. गुरुवारी दुपारी त्यांनी जेवणाचे ताट तसेच परत पाठवले, म्हणून घाबरून मामींनी माझ्या आईला फोन केला आणि मग सारे उघड झाले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवेपर्यंत पैसे जाऊन २७ तास उलटले होते.

माझा प्रश्न माहितीच्या अभावाबद्दल नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये डिजिटल अटकेविषयी, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या अशाच खोट्या अटकेविषयी, सावध केले होते, त्याची चित्रफीत मामांनीच आमच्या कुटुंबाच्या गटावर पाठवली होती. ज्यांना हे सारे ठाऊक होते तेच फसले, तर माहितीच्या पलीकडे आपण आपल्या माणसांसाठी नेमके काय करू शकतो? आणि त्यांचा मान न दुखावता ते कसे करावे?

अवंती_म

वाचून फार वाईट वाटले. मामींनी फोन केला, हे त्यांचे मोठे धैर्य आहे. मामा आता कसे आहेत?

निवृत्त_शाखाधिकारी

मी ३४ वर्षे बँकेत काढली, त्यातील शेवटची ११ शाखाधिकारी म्हणून. आधी वेळेविषयी लिहितो, कारण याच गोष्टीने सर्वाधिक नुकसान होते किंवा टळते. पूर्वी शनिवारी दुपारनंतर मोठी रक्कम पाठवताच येत नसे आणि सोमवार सकाळपर्यंत माणसाला भानावर यायला अवधी मिळे. १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस वर्षभर चोवीस तास चालते. ही सोय चांगली आहे, परंतु चोरालाही तीच सोय मिळाली. पैसे पहिल्या खात्यात जमा होताच तेथून चार-पाच खात्यांत आणि तेथून पुढे डझनभर खात्यांत फुटतात आणि अखेरीस एटीएममधून किंवा आभासी चलनाच्या वाटेने बाहेर पडतात.

१९३० वर तक्रार नोंदवली की ती ज्या बँकेतून पैसे गेले आणि ज्या बँकेत पोहोचले, अशा दोन्हींकडे संगणकावर तात्काळ दिसते. पैसे अजून खात्यात असतील तर बँक तेवढी रक्कम रोखून धरते आणि पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेचे नाव त्याच तक्रारीला जोडले जाते. म्हणून फोन करताना खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराची वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, ज्याला आम्ही यूटीआर म्हणतो, एवढे हाताशी ठेवावे. फोन लावायला घरात कोण काय म्हणेल याचा विचार होईपर्यंत थांबू नये.

दुसरी गोष्ट काउंटरची. मुदत ठेव मोडायला एकटे आलेले ज्येष्ठ ग्राहक, हातातील चालू फोन उलटा धरलेला, नजर टाळणारे बोलणे आणि ठेव का मोडता या प्रश्नाला आलेले पाठ केल्यासारखे उत्तर, ही चिन्हे एकत्र दिसली की मी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा मागवत असे आणि कागदावर लिहून विचारत असे, 'फोनवर कोणी ऐकत आहे का?' बोलून विचारायचे नाही, लिहूनच, कारण पलीकडचा ऐकत असतो. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने त्या कागदाखाली थरथरत्या हाताने 'हो' असे लिहिले होते. त्यांचे नऊ लाख वाचले. तुमच्या मामांच्या शाखेतील मुलीने प्रश्न विचारला, हे तिने नियमाप्रमाणेच केले, परंतु नियमाचा प्रश्न आणि आपुलकीचा प्रश्न यांत फरक असतो. तो फरक नव्या कर्मचाऱ्यांना शिकवायला आम्ही कमी पडलो, असे मला मनापासून वाटते.

देवगिरी_७९

माझे मत थोडे कठोर वाटेल, तरी मांडतो. सत्तरीनंतर स्मार्टफोन आणि नेट बँकिंग यांची खरोखर गरज आहे का? मी आईवडिलांना बटणाचे साधे फोन घेऊन दिले, सर्व ठेवी माझ्या नावे केल्या आणि दरमहा त्यांना लागणारी रक्कम हातात देतो. व्हिडिओ कॉलच येणार नसेल, तर गणवेशातला माणूस दिसणार कोठून?

वसुधाताई

देवगिरी_७९, आपण काळजीपोटी लिहिले आहे हे मी समजू शकते, परंतु मी ७२ वर्षांची आहे आणि या उपायाला माझा स्पष्ट विरोध आहे. माझ्या फोनवर माझी औषधे येतात, नातीचा चेहरा दिसतो, विजेचे बिल भरले जाते आणि गुडघे दुखत असताना बँकेचा जिना चढावा लागत नाही. हे सारे काढून घेऊन मला सुरक्षित करायचे, म्हणजे रस्त्यावर अपघात होतात म्हणून मला घराबाहेर पडू न देण्यासारखे आहे.

पैसे मुलांच्या नावे करण्याविषयी तर फार जपून बोलावे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात अशा तीन मैत्रिणी आहेत, ज्यांची फसवणूक कोणा अनोळखी माणसाने केली नाही; त्यांनी विश्वासाने घरच्याच माणसांच्या नावे सर्व केले आणि आता चष्म्याची काच बदलायलाही त्यांना मागावे लागते. ज्येष्ठांना कुटुंबाकडूनच त्रास होत असेल तर १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, हेही येथे नोंदवून ठेवते.

आणि हा प्रकार केवळ म्हाताऱ्यांचा नाही. मामा फसले ते वयामुळे नाही. आयुष्यभर सरकारी कागदाचा मान राखलेल्या माणसाला 'तुमच्यावर गुन्हा आहे' असे सांगितले, म्हणून ते फसले. त्यांचा प्रामाणिकपणाच त्या चोरांनी वापरला. त्यांना कोणीही 'तुम्ही असे कसे केलेत?' असे विचारू नये, एवढी माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे.

ठाण्याचा_लेखापाल

वसुधाताईंच्या शेवटच्या परिच्छेदाला मी साक्ष देतो. मी ४६ वर्षांचा आहे, इतरांचे हिशेब तपासणे हाच माझा व्यवसाय आहे आणि तरीही दोन वर्षांपूर्वी शेअर बाजाराच्या एका व्हॉट्सॲप गटाने माझे ६ लाख ८० हजार नेले. गटात शंभरावर सभासद रोज नफ्याची छायाचित्रे टाकत, आणि ते सारे एकाच टोळीचे होते. ॲपवर माझा नफा वाढताना दिसे. पहिल्यांदा मागितलेले १५ हजार त्यांनी खरोखर परत दिले, आणि त्या १५ हजारांनीच माझा विश्वास विकत घेतला. पुढे मोठी रक्कम काढायला गेलो, तेव्हा 'आधी कर भरा' असा निरोप आला. शेअरच्या नफ्यावरील कर आपण स्वतः सरकारकडे भरतो, रक्कम काढून घेण्याआधी तो कोणाच्या वेगळ्या खात्यात भरावा लागत नाही, हे मी माझ्या अशिलांना रोज सांगतो.

आता शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने नोंदणीकृत दलाल आणि म्युच्युअल फंडांसाठी 'व्हॅलिड' हा शब्द असलेले यूपीआय पत्ते १ ऑक्टोबर २०२५ पासून आणले आहेत. दलालाच्या नावाने पैसे मागितले गेले आणि खाते एखाद्या भलत्याच ट्रेडिंग कंपनीचे किंवा व्यक्तीचे निघाले, तर तेथेच थांबावे. मी पत्नीला हे सांगायला ४० दिवस घेतले. पैशांपेक्षा ते ४० दिवस मला अधिक जड गेले.

वकील_मिरजेचे

कायद्याची बाजू थोडी सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत बरेच गैरसमज आहेत.

डिजिटल अटक असा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर अटक करणे, कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवणे किंवा निर्दोष ठरण्यासाठी खात्यातील पैसे 'सरकारी खात्यात' तपासणीसाठी मागवणे, यांचा अधिकार पोलिसांना, केंद्रीय अन्वेषण विभागाला, सक्तवसुली संचालनालयाला किंवा न्यायालयालाही नाही. २०२४ साली लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना तर चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटी रुपये उकळण्यात आले, आणि त्यातील मोठा भाग पोलिसांनी नंतर मिळवून दिला. एवढ्या मोठ्या उद्योगाचे प्रमुखही यातून सुटले नाहीत. न्यायालयाचे बनावट आदेश वापरून हरियाणातील एका वृद्ध दांपत्याला लुबाडल्याचे समोर आले, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला.

आता बँकेच्या जबाबदारीविषयी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जी चौकट घालून दिली, ती आपल्या नकळत झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांसाठी आहे. चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवल्यास ग्राहकावर काहीही भार पडत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास भार मर्यादित राहतो, नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. बँकेने रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत तात्पुरती जमा करायची असते आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते. परंतु ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणूनच कळवल्याची पोच लेखी घ्यावी.

मामांच्या प्रकरणात व्यवहार त्यांनी स्वतः शाखेत जाऊन केला आहे, त्यामुळे ही तरतूद सरळ लागू होणार नाही. येथे आशा आहे ती रोखून धरलेल्या रकमेची. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड यांखाली गुन्हा नोंदवून घ्या, आणि पुढच्या खात्यांत किती रक्कम थांबली आहे, ती बँकनिहाय यादी तपास अधिकाऱ्यांकडून मागा.

खानदेशी

आमच्या भागात फसवणुकीचे रूप निराळे आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे गणवेशातला माणूस येत नाही, लग्नपत्रिका येते. व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच क्रमांकावरून 'लग्नाचे आमंत्रण' म्हणून फाईल आली, माझ्या काकांनी ती उघडली आणि ती पत्रिका नसून एपीके म्हणजे ॲपची फाईल निघाली. तिने संदेश वाचण्याची परवानगी घेतली, आलेले ओटीपी परस्पर पुढे पाठवले आणि कापसाचे आलेले १ लाख ६० हजार रात्रीतून गेले. वर तीच पत्रिका काकांच्या नावाने त्यांच्या सर्व ओळखीच्यांना पोहोचली. हाच प्रकार वाहतुकीच्या दंडाची पावती, पीएम किसानची यादी आणि 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल' अशा संदेशांनीही होतो.

अशी फाईल उघडली गेलीच, तर फोन तात्काळ विमान मोडवर टाकावा, सिम काढून घ्यावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवावे. फोन नंतर पूर्ण पुसून घेतल्याशिवाय त्यावर बँकेचे ॲप पुन्हा घालू नये.

गावात दुसरा धोका अंगठ्याचा आहे. आधारवर पैसे काढून देणारे केंद्र ही म्हाताऱ्या माणसांची मोठी सोय आहे, परंतु 'यंत्राने घेतले नाही, पुन्हा अंगठा लावा' असे म्हणून दोनदा पैसे काढल्याची उदाहरणे आमच्याकडे झाली आहेत. प्रत्येक वेळी पावती घ्यावी. आधारच्या ॲपमध्ये बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात आणि गरजेपुरते उघडता येतात. माझ्या आजीचे मी करून दिले आहे आणि पैसे काढायच्या दिवशी ती मला आधी फोन करते.

अवंती_म

मी परवा सहज पाहण्यासाठी नव्हे, खऱ्याच कामासाठी १९३० लावला होता, तर पंधरा मिनिटे लागलाच नाही. अशा वेळी काय करावे?

निवृत्त_शाखाधिकारी

अवंती_म, एकाने फोन लावत राहावे आणि त्याच वेळी दुसऱ्याने राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार भरावी. तिसरे कोणी घरात असेल तर त्याने बँकेच्या तक्रार क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो. तो गूगलवर शोधू नये, कारण तेथे चोरांनीही आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. बँकांची संकेतस्थळे आता 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाची झाली आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी आणखी एक. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे दिवस आले की 'दाखला फोनवर अद्ययावत करून देतो, ओटीपी सांगा' असे फोन सुरू होतात. बँक हा दाखला फोनवर करून देत नाही. शाखेत जावे, जीवन प्रमाण या सरकारी ऑनलाइन सोयीद्वारे स्वतः करावा, किंवा टपाल खात्यामार्फत घरी बोलावून करून घ्यावा.

एडिसनची_मृण्मयी

मी न्यू जर्सीत राहते, आईबाबा डोंबिवलीला. परदेशात मुले असलेल्या घरांना एका वेगळ्या फोनची भीती असते. रात्री अडीच वाजता बाबांना फोन आला आणि पलीकडे रडणारा आवाज माझ्या भावाचा वाटला, तो टेक्ससला असतो. अपघात झाला आहे, पोलिसांनी पकडले आहे, वकिलाला तातडीने पैसे द्यावे लागतील, असे तो सांगत होता. येथे अमेरिकेत आजीआजोबांना नातवाच्या नावाने फसवण्याचा प्रकार फार जुना आहे. आता संगणकावर हुबेहूब आवाज काढता येतो, म्हणून तो अधिक भीषण झाला आहे.

बाबा वाचले ते एका लहानशा कारणाने. आम्ही भाऊबहिणींनी दिवाळीत ठरवले होते की संकटाचा फोन कोणीही केला तर परवलीचा एक शब्द सांगायचा. आमच्या आजीने एकदा बिघडवलेल्या एका पक्वान्नाला घरात पडलेले ते नाव आहे, जे आमच्या चार भिंतींबाहेर कोणालाही ठाऊक नाही. बाबांनी घशाला कोरड पडलेली असताना तो शब्द विचारला, आणि फोन बंद झाला. कृष्णाकाठची, आपल्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे की भीतीने डोके चालेनासे होते तेव्हा सूचनांची यादी आठवत नाही, एखादी सवय मात्र आठवते.

देवगिरी_७९

वसुधाताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि काल आईला विचारले की ठेवी माझ्या नावे केल्याचे तिला कसे वाटते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, 'मला भाचीच्या बारशाला अंगठी घ्यायची होती, पण तुला विचारायला नको वाटले.' एक ठेव पुन्हा तिच्या नावे करण्याचे काम मी सुरू केले आहे. माझी काळजी खरी होती, तिची वाट चुकली होती.

नाशिकचा_शिक्षक

थोडे विषयांतर होईल, तरी हा मुद्दा याच धाग्यात यायला हवा. ज्या खात्यांतून मामांचे पैसे फुटले, ती खाती कोणाची असतात? मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने 'खाते वापरायला दे, महिन्याला पाच हजार मिळतील' या आमिषाला भुलून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम असे तिन्ही दिले. तीन महिन्यांनी दुसऱ्या राज्यातील पोलीस त्याच्या वसतिगृहात आले. मुलगा शेतमजुराचा होता आणि आपल्या खात्यातून काय जात आहे याची त्याला कल्पनाही नव्हती, परंतु खाते त्याचे असल्याने आरोपी तोच. तसेच कंबोडिया आणि म्यानमारमध्ये संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून नेलेल्या आपल्याकडच्या तरुणांना पारपत्र काढून घेऊन, मारहाण करून असे फोन करायला लावले जाते. घरातील वृद्धांना सावध करताना घरातील तरुणांनाही खाते भाड्याने न देण्याविषयी सांगावे, एवढीच विनंती.

ठाण्याचा_लेखापाल

चोरांना आपली माहिती कोठून मिळते, हा प्रश्न कोणी विचारला नाही, पण आपला क्रमांक आणि पत्ता समोरून ऐकूनच मामा गोठले असतील. आधारची झेरॉक्स आपण निवासगृहापासून सिमच्या टपरीपर्यंत सर्वत्र देत आलो आहोत. शक्य तेथे केवळ शेवटचे चार आकडे दाखवणारे झाकलेले आधार द्यावे. आणि आपल्या नावावर किती सिम आहेत, हे दूरसंचार खात्याच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते. माझ्या वडिलांच्या नावावर एक अनोळखी सिम निघाले, ते तेथूनच बंद करता आले. आपला क्रमांक वाचून दाखवणारा माणूस त्यामुळे सरकारी ठरत नाही, हे बाबांना ते सिम दाखवल्यावर पटले.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. गुन्हा नोंद झाला आहे. १८ लाख ४० हजारांपैकी ३ लाख १२ हजार दोन खात्यांत थांबवले गेले आहेत, बाकीचे पुढे निघून गेले.

वसुधाताईंचा प्रतिसाद मी मामांना मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्यांदाच ते त्या दोन दिवसांविषयी बोलले. मी त्यांना विचारले, 'मामा, त्या बुधवारी तुम्हाला कोण थांबवू शकले असते?' ते म्हणाले, 'बँकेत कोणी खुर्ची दिली असती, तर मी बसलो असतो. बसलो असतो तर बोललो असतो.' थोड्या वेळाने ते पुढे म्हणाले, 'आणि सुहासला फोन करता आला असता, पण तो रागावेल असे वाटले.' सुहासदादा तेव्हा शेजारीच बसला होता. तो उठून अंगणात गेला आणि बऱ्याच वेळाने आत आला.

आता जे केले आहे ते मामांनी स्वतः ठरवले आहे, आम्ही नाही. उरलेल्या दोन ठेवी मामामामींच्या संयुक्त नावे करून त्या दोघांच्या सहीशिवाय मोडू नयेत, असे त्यांनी बँकेला लेखी दिले. नेट बँकिंगची रोजची मर्यादा २५,००० रुपयांवर आणली. कार्डाचे परदेशी व्यवहार बंद केले. परवलीचा शब्द ठरला आहे. रात्री साडेआठला सुहासदादाचा फोन येतो आणि त्यात पैशांचा विषय काढायचा नाही, ही मामांचीच अट आहे. पिकाचे, पावसाचे, नातवाच्या शाळेचे बोलायचे. दूरध्वनीच्या वर त्यांनी आपल्या नकाशांवरच्या अक्षरांत एक कागद लावला आहे : 'फोन ठेव. मामींना सांग. १९३०.'

पुढच्या शनिवारी ते कराडच्या ज्येष्ठ नागरिक संघात स्वतःची हकिकत सांगणार आहेत. निवृत्त_शाखाधिकारी, आपली लिहून विचारण्याची रीत त्यांनी आपल्या शाखेच्या साहेबांना जाऊन सांगितली. साहेबांनी ती लिहून घेतली.

वकील_मिरजेचे, एक प्रश्न उरतो. थांबवलेले ३ लाख १२ हजार परत मिळण्यासाठी आता बँकेत अर्ज करायचा की पोलिसांत?

वकील_मिरजेचे

दोन्हींकडे नव्हे, न्यायालयात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली आपल्या हद्दीतील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे रक्कम परत मिळण्यासाठी अर्ज करावा लागेल. सोबत १९३० च्या तक्रारीचा पोच क्रमांक, प्रथम माहिती अहवालाची प्रत, मामांच्या खात्याचा त्या आठवड्याचा उतारा आणि रक्कम कोणत्या दोन खात्यांत थांबली आहे याचे तपास अधिकाऱ्यांचे पत्र जोडा. न्यायालय पोलिसांचे म्हणणे मागवते, म्हणून अर्ज देण्याआधी तपास अधिकाऱ्यांना एकदा भेटून या. बँकेविरुद्धची लेखी तक्रार स्वतंत्र ठेवा. तिचे उत्तर ३० दिवसांत आले नाही किंवा समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. कागद तयार झाले की मला संदेश पाठवा, अर्जाचा मसुदा मी पाहून देईन. मामांना शनिवारसाठी शुभेच्छा सांगा.